शेवटच्या खोलीची तक्रार

९ जानेवारी

पत्र्याच्या दुकानातून दरवर्षी एक डायरी फुकट मिळते. पस्तीस वर्षं तिच्यात फक्त गिऱ्हाइकांची कामं लिहिली. कुणाच्या कुठल्या खोलीत गरम हवा पोचत नाही, जाळीचं माप काय, झडप अडकते का, डक्टला, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळाला, गळती कुठे. घरचं काम कधी लिहिलं नाही, कारण घरचं काम कधी केलंच नाही, असं ही म्हणते. ही म्हणजे माझी बायको. म्हणते ते खोटं नाही. आमच्या स्वयंपाकघरातली जाळी सात वर्षं खडखडते आहे.

आज घरचं पहिलं काम. माझा एक नियम आहे. तक्रार गिऱ्हाइकाच्या तोंडच्या शब्दांत उतरवायची, त्यात आपली अक्कल पाजळायची नाही. माणूस सांगतो एक आणि आपण ऐकतो भलतंच, असं फार वेळा होतं. म्हणून जसंच्या तसं लिहितो.

तक्रार: ‘थंडी वाजते हो. बसा ना जरा.’

ठिकाण: वरची मागची खोली. हॉस्पिटलातून आणल्यापासून ही तिथेच असते, उजेड चांगला येतो म्हणून. पण घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीपासून ती सगळ्यात लांब. भट्टीतून निघालेली गरम हवा वाटेत हॉल, स्वयंपाकघर, ठकीची खोली असं सगळ्यांचं करत करत जाते. सगळ्यांचं भागून उरली तर शेवटच्या खोलीला. ठकी म्हणजे आमची मुलगी. चौतीस वर्षांची आहे, पण लहानपणी चिकटलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. आईसाठी मोठी रजा टाकून आली आहे.

मोजमाप: खोली एकवीस अंश. वाईट नाही. जाळी काढली. भिंतीच्या तळाशी आहे, दहा बाय चारची, मागे हवा कमी-जास्त करायची झडप. आतून निघालं ते असं: केसांचे दोन आकडे, खडूचा तुकडा, मुठीएवढा धुळीचा गोळा. हिने एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे आमच्याकडे खडू कुठेही सापडतो. पुसून परत बसवली. चाळीस मिनिटं लागली. म्हटलं, तू पड जरा. पडली नाही. मी निघालो तेव्हा म्हणाली, ‘झालं? इतक्यात?’

११ जानेवारी

तक्रार: ‘आजही वाजतेय. पायांना.’

हिच्या औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसरी फेब्रुवारीत. तोवर अंगात ताकद यायला हवी, आणि ताकद यायची तर आधी ऊब हवी. हे माझं गणित आहे. डॉक्टरांना विचारलेलं नाही.

काम: हॉलच्या दोन्ही जाळ्यांच्या झडपा लावून टाकल्या. ठकीच्या खोलीची अर्धी लावली.

हेच एखाद्या गिऱ्हाइकाने केलेलं दिसलं तर मी त्याला झापतो. सगळ्यांना वाटतं, नको त्या खोल्या बंद केल्या की हवा हव्या त्या खोलीत जाईल. तशी ती जात नाही. पंख्यावर ताण येतो, भट्टीतली गरमी भट्टीतच कोंडते आणि ती आपल्याच आचेने तापून बसते. पस्तीस वर्षं हे लोकांना सांगतोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

खोली तेवीस.

१२ जानेवारी

तक्रार नाही. दिवसभर खाली दुकानाची कामं उरकली. संध्याकाळी ठकी म्हणाली, ‘बाबा, आई विचारत होती, आज काम नाही का?’ म्हटलं, तक्रार नाही तर काम कसलं?

१३ जानेवारी

तक्रार: ‘थंडी.’ सकाळी एकदा, दुपारी परत.

स्वयंपाकघराची झडप बंद केली. तेवढी ती खडखडायची थांबली, हा एक फायदा. हिच्या खोलीत जाऊन हवेचा वेग मोजला. आमच्याकडे त्यासाठी मुठीत मावणारा एक पंखा असतो, जाळीसमोर धरायचा. पहिल्यापेक्षा दीडपट भरला. मी गुडघ्यांवर बसलो होतो, मागून ही म्हणाली, ‘त्यावर काय दिसतं?’ आकडा सांगितला. ‘आणि तो चांगला आहे का?’ म्हटलं, चांगला आहे. ‘मग तोंड का पडलंय?’ म्हटलं, तुला माझं तोंड कुठून दिसलं, मी तर पाठमोरा आहे. म्हणाली, ‘एकतीस वर्षं फळ्याशी उभी केलेली पोरं पाठमोरीच पाहिली मी. पाठीवरून माणूस कळतो.’

हिला काही विचारायचं म्हणून मी वळलो, तर रोज घरी येणाऱ्या नर्सबाई आल्या. राहिलं.

१४ जानेवारी

एक गोष्ट कळत नाही.

नर्सबाई म्हणाल्या, ‘काका, खोली फार गरम ठेवलीय तुम्ही. बाईंचा घसा कोरडा पडतोय.’ म्हटलं, तीच म्हणते थंडी वाजते. मी वर गेलो तर ही पांघरूण पायांशी लोटून पडलेली, आणि खिडकी बोटभर उघडी! बाहेर बर्फ पडतंय. मी धावत जाऊन खिडकी लावली. विचारलं, कुणी उघडली? म्हणाली, ‘कुणी का उघडेना. तुम्ही आलात ना आता. बघा की, थंडी वाजतेय.’

कपाळाला हात लावला तर ओलं होतं. अशक्तपणाचा घाम असतो, ऐकून आहे.

थर्मामीटरवर संशय आला. बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला, बरोबर शून्य दाखवतो. यंत्र खोटं बोलत नाही, आणि ही तर जन्मात बोललेली नाही. मग चूक कुठे आहे? रात्री जेवतानाही हाच विचार डोक्यात होता. ठकी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आईशी बोलता का कधी?’ म्हटलं, रोज बोलतो. तक्रार लिहून घेतो.

१५ जानेवारी

तक्रार: ‘थंडी वाजतेय. आणि मला एक सांगायचंय.’

हिच्या उशाशी हॉस्पिटलचा कागद होता. औषधांच्या वेळा असतील. ‘हा बघितलात का?’ म्हणाली. चष्मा खाली राहिला होता, वाचता आला नाही. ‘मग घेऊन या.’ चष्मा आणायला खाली आलो तर एका गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि ते राहूनच गेलं.

तळघरात बारा बाय सहाची एक जाळी पडलेली आहे, ओतीव लोखंडाची, जुन्या पद्धतीची, वेलबुट्टी असलेली. उद्या भिंतीतलं भोक मोठं करून तीच बसवतो.

१६ जानेवारी

बसवली. पत्रा कापताना खूप आवाज झाला, पण हिने तक्रार केली नाही. उशीला टेकून नीट बसली होती. जाळी पाहून म्हणाली, ‘नाकापेक्षा मोती जड.’ पण आवडली असावी. वेलबुट्टीवर कितीतरी वेळ नजर होती. का माझ्यावर होती, कोण जाणे.

खोली सव्वीस.

जाताना नर्सबाई मला दाराशी थांबवून म्हणाल्या, ‘बाईंना काही बोलायचं असेल तर दुपारी तीन ते चार बरी वेळ आहे. तेव्हा त्या पूर्ण जाग्या असतात. पुढच्या आठवड्यात दुखणं थांबवायच्या औषधाचा डोस वाढणार, मग झोपच जास्त.’ चांगली माहिती दिली. म्हणजे आवाजाची कामं तीन ते चारच्या आतच उरकून घ्यायची, हिची झोपमोड होणार नाही.

१८ जानेवारी

आज कात्री आला होता. माझा भागीदार. पत्रा कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि जिभेलाही तीच धार, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणतात. हॉलमध्ये पाऊल टाकताच म्हणाला, ‘काय रे, घर आहे का बर्फाचा कारखाना?’ मग त्याने एकेक जाळी पाहिली. खालच्या मजल्यावरच्या सगळ्या बंद. माझ्याकडे असं पाहिलं की मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक झालो.

‘कुणाला शिकवतोस तू? भट्टी जाळून घेशील.’

‘हिला थंडी वाजते.’

‘वर सव्वीस आहे, गाढवा.’

सोनारानेच कान टोचले म्हणून गप्प बसलो. मग तो हिला भेटायला वर गेला. अर्धा तास होता. खाली आला तो बूट घालायचं सोडून तसाच उभा राहिला. म्हणाला, ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुझं. जाळ्या उघड, आणि वर जाऊन वहिनींजवळ बस.’

‘बसून काय होणार?’

‘काही नाही होणार. म्हणूनच बस.’

कात्री असं कधी बोलत नाही. तो गेल्यावर मी तळघरात जाऊन खिळ्यांचे डबे नीट लावले. दोन तास गेले.

आता ही वही माझी मीच वाचतो, दुसरं कोणी उघडत नाही, तर इथे तरी खरं लिहावं. पंधरा तारखेला चष्मा खाली राहिला नव्हता. डोळ्यांवरच होता. ‘रुग्णाच्या इच्छेनुसार पुढील उपचार थांबवले आहेत’ एवढी ओळ वाचली. त्याच्या खालचं वाचलं नाही. तिसरी फेरी फेब्रुवारीत नाही. मार्चमध्येही नाही. खाली हिची सही होती, शाळेच्या दाखल्यांवर करायची तशी स्वच्छ, गोल.

ती मला हेच सांगणार आहे. मला ते ऐकायचं नाही. सांगितलं नाही तोवर ते झालेलं नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलंय. हा वेडेपणा आहे, मला कळतो. पण निदान खोली गरम करणं माझ्या हातात आहे. कागदावर हिने सही केली असेल, पण थंडी वाजते असंही हीच म्हणते ना? ज्याला थंडी नको वाटते त्याला अजून जगायचं असतं.

२० जानेवारी

तक्रार: ‘थंडी. अहो, आज बसाच. बोलायचंय.’

मोठी जाळी बसवूनही फरक का नाही, याचं कारण सापडलं. दार! खोलीत हवा यायची तर आतली बाहेर पडायला वाट पाहिजे. दार लावलं की वाट बंद. दाराचा तळ बोटभर तासायला हवा. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

तीन वाजता दार बिजागऱ्यांतून काढलं. ही म्हणाली, ‘आता दारही नेता?’ म्हटलं, अर्ध्या तासात आणतो. म्हणाली, ‘माझं दोन मिनिटांचं काम आहे हो.’ आवाज बसलाय तिचा, परवापेक्षा जास्त. म्हटलं, एवढं तासून आणतो, मग निवांत. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘बरं. दार घेऊन या, मग सांगते.’

खाली अंगणात तासलं. कडा घासून गुळगुळीत केल्या. त्याला काही गरज नव्हती, दाराचा तळ कोण बघतं? पाऊण तासाने वर आणलं तर तिला झोप लागली होती. मी बिजागऱ्या इतक्या हळू बसवल्या की कूस सुद्धा बदलली नाही.

काम चांगलं झालं. आज अजिबात बरं वाटत नाही.

२२ जानेवारी

हे नीट लिहायचं आहे.

दुपारी पावणेतीनला घर गार पडलं. तळघरात गेलो. कात्री म्हणाला तेच झालं होतं. इतक्या झडपा बंद, हवा पुढे सरकेना, भट्टी तापली आणि फार तापलं की आपोआप पडणाऱ्या आतल्या बटणाने तिला बंद पाडलं. अशा वेळी पंखाही बंद करायचा, भट्टीच्या डोक्यावरचा पत्रा काढायचा, आच जाऊ द्यायची आणि वाट बघायची. मी पत्रा काढला आणि पालथ्या बादलीवर बसलो.

पंखा बंद असला की डक्टमधून वरचं बोलणं खाली स्वच्छ ऐकू येतं. धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. लोकांच्या घरी आम्ही मुद्दाम ठोकठोक करतो, म्हणजे ऐकू येऊ नये. आज घर माझंच होतं, म्हणून हातोडी उचलली नाही.

ठकीचा आवाज आला. ‘आई, घामाने उशी भिजलीय तुझी. पुसू दे.’

‘पूस. आणि खाली जाऊन बाबांना सांग, थंडी वाजतेय.’

‘तुला उकडतंय, आई.’

‘उकडतंयच. भाजून निघालेय मी.’

‘मग हे काय चालवलंयस?’

मग हिचा आवाज, बसलेला, पण शब्द न् शब्द कळत होता. ‘नुसतं या म्हटलं तर ते येत नाहीत गं. थंडी वाजते म्हटलं की येतात.’

‘मी सांगते त्यांना. तू औषध थांबवलंयस ते. सगळ्यांना माहीत आहे, एकटे बाबाच—’

‘तू सांगायचं नाहीस. कुणीच नाही. त्यांना मी सांगणार. आज नाही तर उद्या बसतील.’

‘आणि उद्या नाही बसले तर?’

वर उशी झटकल्याचा आवाज आला.

पहिल्यांदा मला राग आला. हे मी लपवत नाही. खोटी तक्रार! तेरा दिवस मी गुडघे टेकून खोटी तक्रार दुरुस्त करत होतो. रागाने उठलो सुद्धा. मग वहीतली नऊ तारीख डोळ्यांपुढे आली. मी माझ्या हाताने लिहिलं होतं, ‘थंडी वाजते हो. बसा ना जरा.’ दोन वाक्यं होती. पहिलं कामाचं धरलं आणि दुसरं सोडून दिलं. तक्रार खोटी नव्हती. मी अर्धीच ऐकली. तळघरात बादलीवर बसून रडलो, आणि डक्टमधून वर ऐकू जाईल म्हणून तोंडावर रुमाल धरून रडलो.

मग घरभर फिरून एकेक झडप उघडली. हॉल, स्वयंपाकघर, ठकीची खोली. तेवढ्यातही वेळ काढत होतो, हे माझं मलाच दिसत होतं. वर गेलो तेव्हा साडेतीन झाले होते. ठकीने मला पाहिलं आणि खाली निघून गेली.

ही म्हणाली, ‘पिशवी कुठाय तुमची?’

‘खाली.’

‘हत्यारं नाही आणली?’

‘नाही.’

‘बरं.’

खुर्ची ओढून समोर बसलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी मांडीवर ठेवले, वर्गातल्या पोरासारखे. तिने सांगितलं. दोनच मिनिटं लागली. फेब्रुवारीची फेरी घेणार नाही. घेतली तर चार-सहा आठवडे वाढतील, पण ते हॉस्पिटलात, नळ्या लावून. ते नको. इथे, या खोलीत राहायचंय. डॉक्टरांशी बोलणं झालंय. ‘तुम्हाला विचारून करायला हवं होतं,’ म्हणाली, ‘पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी तुमचं ऐकलं असतं.’

मी म्हटलं, ‘मला माहीत आहे. पंधरा तारखेला तो कागद वाचला.’

वाटलं होतं, हिला बरं वाटेल. हिला संताप आला. अडतीस वर्षांत मी तिला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, तरी ओरडली. ‘आठ दिवस तुम्हाला माहीत होतं? आणि मला एकटीला ठेवलंत त्यात? मी रोज मनात वाक्यं जुळवतेय, आज कसं सांगू, यांना झेपेल का. आणि तुम्ही दार तासत होतात?’

म्हटलं, ‘चुकलो.’

‘चुकलातच.’

तिचा हात धरावा की न धरावा याचा विचार करत होतो, तर तिनेच माझं मनगट धरलं, रागावलेलीच होती तरी. म्हणाली, ‘आणि ती तुमची भट्टी कमी करा आधी. मरण यायचं ते येईल, पण भाजून नको.’

ती हसली. मला हसता आलं नाही. पण उठून खिडकी बोटभर उघडली.

२५ जानेवारी

डोस वाढवला. तरी तीन ते चार ही जागी असते. मी पावणेतीनलाच जाऊन बसतो.

काय बोलावं हे पहिल्या दिवशी कळलं नाही. ती म्हणाली, शेवटच्या बाकावरच्या मुलांचं असंच होतं, तोंड उघडायला दोन दिवस लागतात. मग तिनेच विचारलं, मी नसताना सकाळी काय खाणार? म्हटलं, ठकी आहे. ‘ठकी गेल्यावर?’ यावर आमचं भांडण झालं, कारण मी म्हटलं की काहीही खाईन. काहीही म्हणजे काय, ते तिने लिहून घ्यायला लावलं. सात दिवसांच्या सात न्याहाऱ्या. वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत.

२६ जानेवारी

आज मी विचारलं. इतके दिवस मी पाठमोरा ठोकाठोक करत होतो, तुला चीड नाही आली?

म्हणाली, ‘आली ना. दाराच्या दिवशी तर फार आली.’ मग थांबली. तिला आता वाक्यावाक्याला थांबावं लागतं. ‘पण एक सांगू? अडतीस वर्षं तुम्ही सकाळी जायचात, मीही जायचे. तुम्ही काय करता ते मला माहीत होतं. पण तुम्हाला काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं.’

‘त्यात काय बघायचं?’

‘स्क्रू काढलात की ओठांत धरता तुम्ही. आणि जाळी काढायच्या आधी तिच्यावर एकदा हात ठेवता. गाईच्या अंगावर ठेवतात तसा. हे मला माहीतच नव्हतं. कुणाच्या कुणाच्या घरच्या बायकांनी पाहिलं असेल, मी नाही.’

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

‘रोज थंडी वाजते म्हणायचे ते बोलायला यावं म्हणून. पण तुम्ही कामाला लागलात की वाटायचं, बघू दे अजून थोडं. मग सांगू. दोन-तीनदा वेळ माझ्यामुळेच गेली. सगळा दोष तुमचा नाही.’

मग म्हणाली, ‘आता एकदा माझ्याकडे तोंड करून करा.’

पिशवी आणली. मोठी जाळी काढून सतरंजीवर ठेवली, मी भिंतीला पाठ लावून बसलो, तिच्याकडे तोंड करून. काहीही बिघडलेलं नव्हतं. एकेक पाती काढली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं. ही झडप, हा खटका, हा असा ओढला की हवा वर जाते, असा लोटला की पायांकडे. पस्तीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला इतकं समजावून सांगितलं नसेल. तिने एक शंकाही विचारली, पात्या तिरक्या का असतात म्हणून. फार चांगली शंका होती. उत्तर द्यायला मला विचार करावा लागला.

चार वाजून गेले तरी जागी होती.

३० जानेवारी

आता ती फार बोलत नाही. मी बोलतो. कामावरच्या गोष्टी सांगतो. कुणाच्या डक्टमधून हरवलेली अंगठी निघाली, कुठल्या घरात नवरा-बायको एकमेकांच्या चोरून एकच झडप उघड-बंद करायचे. डोळे मिटलेले असतात, पण बोटं हलतात. म्हणजे ऐकतेय.

ठकीला आणि तिला आज सकाळी एकटं सोडलं. तासभर. काय बोलल्या विचारलं नाही.

३ फेब्रुवारी

काहीच बोलली नाही. मीही आज फारसं बोललो नाही. कंटाळा नाही आला. हे मला नवीन आहे, काही न करता एका खुर्चीत दिवस काढणं, आणि तो दिवस फुकट गेला असं न वाटणं.

खोलीचं तापमान मोजलेलं नाही.

५ फेब्रुवारी

ही काल दुपारी गेली. साडेतीनच्या सुमाराला. श्वास लांबत लांबत गेला आणि मग पुढचा आला नाही. मी समोर होतो, हात धरलेला होता. ठकी पलीकडच्या बाजूला होती. नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

घरात आज माणसं आहेत. ठकी सगळ्यांकडे बघतेय, तिच्या आईसारखी, उभ्या उभ्या.

कात्री सकाळपासून आहे. बोलण्यात कधी न अडखळणारा माणूस, आज माझ्याशेजारी पायरीवर गप्प बसला होता. मग म्हणाला, ‘शेवटी काही बोलल्या का वहिनी?’

‘नाही,’ म्हटलं. ‘शेवटी बोलायचं काही राहिलंच नव्हतं.’